कातडीचा कॅन्सर, ऑपरेशन आणि प्लास्टिक सर्जन : खान्देशातून येणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे रुग्ण आणि त्यांच्यासोबत आलेले नातेवाईक जे विचारतात, ते प्रश्न इथे घेतले आहेत. काही प्रश्न माणसं दाराबाहेर जाऊन पुन्हा आत येऊन विचारतात. बहुतेक वेळा मनातला खरा प्रश्न तोच असतो. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या जखमेबद्दल नक्की काही सांगायचं तर ती डोळ्यांनी पाहावीच लागते.

आपल्या सावळ्या कातडीला कुठे कॅन्सर होतो? हा तर गोऱ्या लोकांचा आजार ना?

कमी होतो, पण होतो. भारतात सगळ्या कॅन्सरमध्ये कातडीच्या कॅन्सरचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आसपासच आहे. आपल्या कातडीतलं रंगद्रव्य उन्हाला बरंच अडवतं, म्हणून मे महिन्यात भुसावळ-जळगाव ४५ अंशांवर तापत असताना उभं आयुष्य शेतात काढलेली माणसंही बहुतेक सुटतात. ज्यांच्या कातडीत जन्मापासून रंगद्रव्यच नसतं, केस-पापण्यासुद्धा पांढऱ्या असतात, त्यांना मात्र हे संरक्षण नाही. त्यांना तरुणपणीही हा आजार होऊ शकतो. कोड वेगळं, कोड म्हणजे कॅन्सर नव्हे आणि कोडाचा कॅन्सर होत नाही.

उन्हामुळे होणारा कॅन्सर साधारणपणे नाक, कान, डोळ्यांखालचा भाग आणि खालचा ओठ इथे येतो. आपली पांढरी टोपी डोकं झाकते, पण तिला काठ नसतो, त्यामुळे नाक आणि कान दिवसभर उन्हातच राहतात. त्यापेक्षा रुमाल कानावरून बांधलेला बरा. पण एक लक्षात घ्या : आपल्याकडे कॅन्सरची जागा नेहमी ऊनच ठरवतं असं नाही. भाजल्याचे जुने व्रण, वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमा आणि तळपाय इथेही तो धरतो. पुढचे बरेच प्रश्न त्याबद्दलच आहेत.

कातडीचा कॅन्सर एकच असतो का?

नाही. मुख्य तीन. बेसल सेल हा हळू वाढतो, बहुधा चेहऱ्यावर येतो, कडा मोत्यासारखी चमकते. आपल्याकडे तो काळसर असल्यामुळे लोक तीळ समजून सोडून देतात. दूर पसरणं फार क्वचित, पण जागच्या जागी तो पापणी, नाकाचं कूर्च (मऊ हाड), अगदी हाडसुद्धा खात जातो. स्क्वॅमस सेल हा जखमेसारखा किंवा फुलकोबीसारखा वाढतो आणि काखेतल्या, जांघेतल्या, मानेतल्या गाठींत जाऊ शकतो. तिसरा मेलॅनोमा. तो कमी दिसतो, पण सगळ्यांत घातक तोच. नाव एकच असलं तरी तिघांचा स्वभाव, कापायचं अंतर आणि पुढची तपासणी वेगळी असते. म्हणून "कातडीचा कॅन्सर आहे" एवढंच सांगून पुरत नाही, कोणता ते कळावं लागतं.

कोणती जखम दाखवायला हवी?

सहा आठवडे झाले तरी जी भरत नाही ती. खपली धरते, पडते, पुन्हा रक्त येतं, पुन्हा खपली धरते, असं चाललंय ती. कडा जाड, वर उचललेल्या आणि हाताला टणक लागतात ती. जुन्या व्रणात नव्याने आलेली. आकार किंवा रंग बदलणारा तीळ. जखमेला अचानक घाण वास यायला लागला तरीही.

दुखणं हे लक्षण धरू नका. खेड्यातून आलेला म्हातारा माणूस दोन वर्षांची जखम दाखवतो आणि वर म्हणतो, "काई व्हत नही." दुखत नाही म्हणून तर ती दोन वर्षं राहिली.

लहानपणी चुलीत पाय भाजला होता. आता तीस वर्षांनी तिथे जखम झाली. जुनंच असेल ना?

तसं समजू नका. भाजल्याच्या व्रणातून होणाऱ्या कॅन्सरला मार्जोलिन अल्सर म्हणतात. व्रणातल्या अशा जखमांचं वर्णन मार्जोलिन या फ्रेंच सर्जनने १८२८ मध्ये केलं, त्यावरून हे नाव पडलं. भाजल्यापासून कॅन्सर दिसेपर्यंत सरासरी तीसेक वर्षं जातात, म्हणून दोन्हींचा संबंध कुणाच्या डोक्यातच येत नाही. चूल, स्टोव्ह, उकळतं पाणी, अंगावर पेटलेलं लुगडं, कारण काहीही असो. ज्या भाजलेल्या जागेवर त्या वेळी कातडी लावली नाही आणि ती आपोआप आक्रसत, ताणत भरली, तिथे धोका जास्त. गुडघ्यामागे किंवा कोपरात व्रण ताणला जातो, वाकताना चिरतो, भरतो, पुन्हा चिरतो. वर्षानुवर्षं हेच चाललं की एखाद्या वेळी ती चीर भरायचं थांबते.

हा कॅन्सर स्क्वॅमस सेल जातीचा असतो, पण उन्हाने होणाऱ्यापेक्षा आडदांड. गाठींत लवकर जातो. म्हणून भरपूर अंतर ठेवून, साधारण दोन सेंटिमीटर चांगली कातडी घेऊन तो काढतात. कुष्ठरोगात पाय बधिर होऊन तळव्याला पडलेली जुनी जखम आणि हाड कुजून वर्षानुवर्षं वाहणारं नासूर, यांतूनही हाच प्रकार होतो. कुष्ठरोगाच्या गोळ्या पूर्ण झाल्या म्हणून पायाकडे बघणं थांबवू नका.

आईला परकराच्या नाडीच्या जागी कमरेवर जखम आहे. नाडीने कॅन्सर होतो?

नाडीने थेट नव्हे, नाडीच्या घासण्याने वर्षानुवर्षं राहिलेल्या जखमेतून होऊ शकतो. हे नवं नाही. टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये सहकाऱ्यासोबत भारतीय सवयींशी जोडलेल्या कॅन्सरवर निबंध लिहिला, त्यात घट्ट धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेवरचा कॅन्सर होता. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीखाली झालेल्या कॅन्सरच्या दोन रुग्ण-स्त्रिया नोंदवल्या.

दुर्मीळ आहे, घाबरून जाऊ नका. पण आजीला, आईला एकदा कमर दाखवायला सांगा. नाडीची जागा बहुतेकींची काळवंडलेली, जाड झालेली असते. तेवढं सामान्य आहे. तिथे खाज, पांढरट चट्टा आणि मधेच न भरणारी फट असेल तर तपासायला हवं. नाडीऐवजी रुंद पट्टा शिवून घ्या, आणि घरात असताना सैल बांधा. बायका ही जखम शेवटी दाखवतात, तीही लेकीला. डॉक्टर बाई असेल तर जरा लवकर.

तळपायाला काळं कुरूप आहे. ब्लेडने कापत असतो. चालेल?

नाही. कुरूप काळं नसतं. फार तर आत सुकलेल्या रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. आपल्याकडे मेलॅनोमा बराचसा तळपाय, तळहात आणि नखाखाली येतो, उन्हाशी त्याचा फारसा संबंध नाही. वाढणारा काळा डाग, कडा वेड्यावाकड्या, रंग कुठे गडद कुठे फिका, असं असेल तर ब्लेड ठेवून द्या.

नखाबाबत एक खूण सांगतो. अंगठ्यावर दगड पडून आलेला काळेपणा नखाबरोबर पुढे सरकत जातो, आणि पायाचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं. दर महिन्याला मोबाइलवर फोटो काढा. डाग पुढे सरकतोय, मागे स्वच्छ नख येतंय, तर ते रक्त होतं. काळी रेघ मुळापासून तशीच आहे, रुंद होतेय किंवा नखाबाहेर कातडीवर उतरतेय, तर फोटोंच्या नादात आणखी महिने घालवू नका.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात.

हा समज जितक्या लोकांना उशीर करायला लावतो, तितकं दुसरं काही लावत नसेल. तुकडा तपासायला घेतल्याने कातडीचा कॅन्सर पसरत नाही. जागा सुन्न करून तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा जखमेच्या कडेवरून घेतात, मधून नाही, कारण मधे बऱ्याचदा मेलेला भाग असतो आणि रिपोर्ट उगाच "काही नाही" असा येतो. मेलॅनोमाची शंका असेल तर शक्यतो डाग पूर्णच काढतात, म्हणजे त्याची जाडी नीट मोजता येते. रिपोर्टला साधारण आठवडा लागतो. "काही नाही" असा रिपोर्ट आला आणि जखम तरीही वाढतेय, तर तुकडा पुन्हा घ्यावा. यात कुणाचा अपमान नाही.

चुना-सोडा, बिब्बा, किंवा लेझरने जाळून टाकला तर?

जत्रेत चुना-सोडा लावून तीळ घालवणारे बसलेले असतात. साधा तीळ असेल तर चट्ट्यावर भागतं. कॅन्सर असेल तर वरचं जळतं, खालचं राहतं, आणि व्रणाखाली तो निवांत वाढतो. बिब्ब्याची गोष्ट तीच. लेझर किंवा जाळण्याची मशीनही तुकडा तपासल्याशिवाय वापरायची नाही, मग ते कितीही झकपक दवाखान्यात असो.

मला मात्र खरा राग येतो तो काढून फेकून दिलेल्या गाठीचा. "दोन वर्षांपूर्वी काढली होती, रिपोर्ट नाही, आता परत आली." आता ती काय होती, कडेला किती होती, काहीच कळत नाही, आणि व्रणामुळे दुसरं ऑपरेशन मोठं होतं. अंगातून काढलेली प्रत्येक गाठ तपासायला गेली पाहिजे. डॉक्टर विसरले तर तुम्ही बाटली मागून घ्या.

हे कॅन्सर सर्जनचं काम की प्लास्टिक सर्जनचं? आणि यात प्लास्टिक बसवतात का?

प्लास्टिक बसवत नाहीत, रुग्णाचीच कातडी आणि मांस वापरतात. चेहरा, पापणी, कान, हात इथला कातडीचा कॅन्सर पुष्कळदा प्लास्टिक सर्जनच काढतो आणि तोच भरतो. गाठींत गेलेला, हाडात गेलेला किंवा मेलॅनोमा असेल तर कॅन्सर सर्जन सोबत हवा. लोकांना वाटतं प्लास्टिक सर्जन म्हणजे दिसणं सुधारणारा. या आजारात त्याचा मोठा उपयोग वेगळाच आहे : खड्डा कितीही मोठा झाला तरी भरता येईल याची खात्री असली, की कापताना हात आखडत नाही. "टाके बसायला हवेत" म्हणून कमी कापलं की कॅन्सर कडेला राहतो. पहिलं ऑपरेशन हीच सगळ्यांत चांगली संधी असते.

किती कापता? एवढीशी गाठ आणि एवढी मोठी जखम का?

डोळ्यांना दिसते त्यापेक्षा गाठ बाजूला थोडी पसरलेली असते. लहान, साध्या बेसल सेलला भोवती ४ मिलिमीटर, साध्या स्क्वॅमसला ४ ते ६, धोक्याच्या स्क्वॅमसला १ सेंटिमीटर किंवा जास्त. मेलॅनोमाचं अंतर त्याच्या जाडीवर ठरतं : १ मिलिमीटरपर्यंत जाड असेल तर १ सेंटिमीटर, २ मिलिमीटरच्या वर गेला तर २ सेंटिमीटर. ही जाडी मोजायची रीत ब्रेस्लो या डॉक्टरने १९७० मध्ये घालून दिली, रिपोर्टमध्ये त्याचं नाव दिसेल.

काढलेल्या तुकड्याला आम्ही दोरे बांधतो, एका बाजूला आखूड, दुसऱ्या बाजूला लांब. नातेवाईक विचारतात हे कशाला. पॅथॉलॉजिस्टला, म्हणजे तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरला, वरची बाजू कोणती, कानाकडची कोणती हे कळावं म्हणून. रिपोर्ट "कानाकडच्या कडेला कॅन्सर आहे" असा आला तर नेमकं तिथलंच आणखी काढता येतं.

मग तो खड्डा भरता कसा?

लहान असेल तर सरळ टाके. सुरकुतीच्या ओळीत घेतले तर वर्षभरात शोधावे लागतात.

टाके बसत नसतील तर कातडी लावतात. मोठ्या जागेसाठी मांडीवरून कागदासारखी पातळ सोलून घेतात, चेहऱ्यावरच्या लहान जागेसाठी कानामागून पूर्ण जाडीची. लावलेल्या कातडीला सुरुवातीला स्वतःचं रक्त नसतं, ती खालच्या जागेतून ओलावा शोषून जगते आणि मग रक्तवाहिन्या जुळतात. खाली रक्त साचलं किंवा ती हलली तर गेली. म्हणून घट्ट बांधलेली पट्टी साधारण पाचव्या दिवशीच उघडतात. "जरा बघू का काय झालं" म्हणून घरी उघडू नका. पायावर लावली असेल तर पाय उशीवर, खाटेवरून लोंबकळत नाही. आणि हो, लावलेल्या जागेपेक्षा मांडीच जास्त दुखते. हे आधी सांगितलं नाही तर लोक चिडतात, आणि ते बरोबर आहे. मांडी दोनेक आठवड्यांत भरते, मग खाजते. खोबरेल तेल लावा, खाजवू नका.

हाड, स्नायूबंध किंवा कूर्च उघडं पडलं असेल तर त्यावर पातळ कातडी धरत नाही. तिथे फ्लॅप लागतो : शेजारची कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट फिरवून आणायची. कधी लांबून, सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडूनही.

वडिलांचं अर्धं नाक काढावं लागेल म्हणतात. नाक पुन्हा होतं?

होतं, आणि ही रीत आपल्याच मुलखातली आहे. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक कापलं गेलं होतं. पुण्याजवळच्या एका विटा-कौलं करणाऱ्या जातीतल्या माणसाने त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात त्याची चित्रासह हकिकत आली आणि पुढे २० वर्षांनी, १८१४ मध्ये, कार्प्यू या सर्जनने ते ऑपरेशन लंडनमध्ये केलं. त्या पुण्याच्या माणसाने मेणाच्या पत्र्यावर नाकाचा साचा घेतला होता. आज आम्ही टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटातला चंदेरी कागद कापून तोच साचा घेतो.

भुवईच्या आतल्या टोकापाशी एक रक्तवाहिनी वर जाते. तिच्यावर कपाळाची उभी पट्टी उचलायची, फिरवून नाकावर शिवायची. अस्तर किंवा कूर्च गेलं असेल तर तेही घालावं लागतं, कूर्च कानातून किंवा बरगडीतून. ही पट्टी साधारण तीन आठवडे दोन डोळ्यांच्या मधून पुलासारखी राहते, मग ती कापतात. हे तीन आठवडे अवघड. चष्मा नीट बसत नाही, आरशात बघवत नाही, पाहुणे बघायला येतात. घरच्यांनी पाहुण्यांना थोपवावं, एवढं तरी करावं.

कडा स्वच्छ असल्याची खात्री नसेल तर मी कपाळाला हात लावत नाही. जखम तात्पुरती झाकायची, रिपोर्ट येऊ द्यायचा, मग नाक. लोक म्हणतात एकाच वेळी उरकून टाका. पण कपाळ एकदाच वापरता येतं असं समजून चालावं. घाई करून त्याच्याखाली कॅन्सर राहिला तर पुढचं सगळं बिघडतं.

पाय कापावा लागेल का?

क्वचित. कॅन्सर हाडात किंवा मुख्य नस-रक्तवाहिनीत गेला असेल आणि पाय ठेवून तो पूर्ण निघत नसेल तरच. आधी आलेल्यांना सहसा ही वेळ येत नाही.

कापूस वेचणी होऊ द्या, आखाजी होऊ द्या, मग करू?

बेसल सेल असेल तर दोन-तीन आठवड्यांनी फरक पडत नाही, रीतसर तारीख घ्या. स्क्वॅमस किंवा मेलॅनोमा असेल तर वेचणी भावाला सांगा. उन्हाळ्यात जखम पिकते हे खरं नाही. घाम आणि धुळीने पट्टी जास्त वेळा बदलावी लागते इतकंच.

विडी, तंबाखू, मशेरी?

ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी आणि जखम भरेपर्यंत बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅपचं टोक काळं पडतं. मशेरी "फक्त दाताला" लावली तरी निकोटिन रक्तात जातं. रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका, आधी विचारा.

भरीत खाऊ का?

खा. वांग्याने पू होत नाही, भाताने नाही, दह्यानेही नाही. डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध भरपूर. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात.

पूर्ण बेशुद्ध करतात का?

लहान गाठीला नाही, जागा सुन्न करून त्याच दिवशी घरी. मोठ्या फ्लॅपला पूर्ण भूल.

ऑपरेशनशिवाय काही नाही?

वय फार, तब्येत नाजूक असेल तर काही बेसल आणि स्क्वॅमस कॅन्सरना रेडिएशन देतात. अगदी वरवरच्या प्रकाराला मलमही असतं. भाजल्याच्या व्रणातल्या कॅन्सरला ऑपरेशनच चांगलं.

खर्च कसा भागवायचा? मुंबईला जावंच लागेल का?

महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधार लागतं, दोन्हींवरचं नाव जुळतंय का आधी बघा. भरती होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा की हे ऑपरेशन या दवाखान्यात योजनेत बसतं का. प्रत्येक दवाखाना प्रत्येक उपचारासाठी योजनेत नसतो. योजनेचा फोन १५५३८८.

साध्या गाठीसाठी मुंबई लागत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तुकडा तिथे घेता येतो. पुढचं छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा नाशिकला होऊ शकतं. मेलॅनोमा, गाठींत गेलेला किंवा परत उलटलेला असेल तर परळला टाटाला दाखवलेलं बरं.

उलटतो का? किती दिवस दाखवत राहायचं?

उलटू शकतो, आणि दुसरीकडे नवाही होऊ शकतो. पहिली दोन वर्षं स्क्वॅमस आणि मेलॅनोमासाठी दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे अंतर वाढवत. घरी महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी व्रणावरून बोट फिरवा आणि काखेत, जांघेत, मानेत दाबून बघा. जांघेत अवधाण आलं, पायाला ताजी जखम नाही आणि ते दोन आठवड्यांत बसलं नाही, तर तारखेची वाट बघू नका.

पहिल्यांदा येताना काय आणायचं?

जुने सगळे कागद, चुरगळलेले असले तरी. तुकडा आधी तपासला असेल तर नुसता रिपोर्ट नाही, लॅबमधून काचेच्या स्लाइड्स आणि मेणाचे ठोकळेही मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे, आणि मोठ्या दवाखान्यात ते पुन्हा बघितल्याशिवाय पुढे जात नाहीत. ठोकळे उन्हात एसटीच्या खिडकीशी ठेवू नका, वितळतात. चालू गोळ्यांची पाकिटं आणा. जखमेवर हळद, राख, मलम काही लावलं असेल तर पुसून लपवू नका, काय लावलं ते सांगा, आम्ही रागवत नाही.